पुलाचे पाहुणे

पर्यटन खात्यात त्यांना सगळे ज्योतिषबुवा म्हणत. येत्या दहा वर्षांत देशात किती प्रवासी येतील, किती रात्री राहतील, किती खर्च करतील, याचा अंदाज बांधणं हे त्यांचं काम. "दहा वर्षांनी जाब विचारायला कोण येतंय!" असं साहेब म्हणायचे, आणि बुवाही हसायचे.

नदीकाठच्या एका गावात त्यांची थोरली बहीण राहायची. बुवांच्या तक्त्यात या गावाची रेघ सगळ्यांत उंच चढली होती. लॉजच्या खोल्या सलग दोन वर्षं भरलेल्या; बुवांनी ती चढण तशीच पुढे ओढली. ताईने भावाचा शब्द प्रमाण मानला, शिवणाची मशिनं विकून टाकली आणि दुकानाच्या जागी पाहुण्यांसाठी खोल्या काढल्या.

लॉज भरले होते ते पुलाच्या मजुरांनी. पूल झाला, मजूर गेले. आता गाड्या थेट पलीकडे जातात, गावात चहालाही थांबत नाहीत. बुवांना हे वर्षापूर्वीच कळलं होतं. पण अंदाज साहेबांनी भर सभेत वाचून टाळ्या घेतल्या होत्या, तेव्हा आळीमिळी गुपचिळी. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. इथे मूठ भावाची होती आणि सव्वा लाख बहिणीचे.

या खेपेला ताईने त्यांना पाहुण्यांच्या खोलीत उतरवलं. चादरीची घडीसुद्धा मोडलेली नव्हती. सकाळी गवंडी आला, दाराबाहेर अवजारं उतरवू लागला.

"हा कशाला आलाय?" बुवांनी विचारलं.

"स्वयंपाकघराची भिंत पाडायची. अजून दोन खोल्या निघतील."

"अगं, आहेत त्याच रिकाम्या..."

"आत्ता आहेत. पाचव्या वर्षानंतर गर्दी दुप्पट, असं तूच सांगितलंस ना? मग घाबरून कसं चालेल?"

बुवांनी आवाज खाली आणला.

"ताई, ते प्रवासी नव्हतेच गं. पुलाचे मजूर होते. माझा अंदाज चुकला."

"तुला कधी कळलं?"

"वर्ष झालं."

ताई भिंतीला हात लावून उभी राहिली. हिने फाडकन थोबाडीत दिली असती तर बरं झालं असतं, असं बुवांना वाटलं. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मग पदराने तोंड पुसून ती दारापाशी गेली.

"दादा, आज राहू द्या काम. भाऊ आजारी पडलाय माझा. ठोकाठोकी सोसायची नाही त्याला."

"अरेरे! काल तर चांगले दिसत होते," गवंडी म्हणाला. "मोठा हुशार माणूस. जपा हो त्यांना."

ताई आत आली. भावाकडे न बघताच हळू आवाजात म्हणाली, "जा, आडवा हो. खिडकीतून दिसतं त्याला."

आणि बुवा, चांगला धडधाकट माणूस, पाहुण्यांच्या खोलीत जाऊन अंगावर चादर ओढून पडून राहिले.