दोन मिनिटांची शांतता, दिवसाचं पाणी

“दोन मिनिटं पाणी बंद केलंत तर जग बुडणार नाही,” कमांडंटसाहेब म्हणाले.

उल्हासनगरच्या निर्वासित छावणीत मी पाणीपुरवठ्याचा ओव्हरसियर होतो. दुसऱ्या दिवशी बापूंची पुण्यतिथी होती. अकराला भोंगा, मग दोन मिनिटं स्तब्ध उभं राहायचं. मुंबईहून मोठे पाहुणे येणार होते. मांडव घातला होता कॅम्प चारमध्ये, सार्वजनिक नळासमोर. तिथे पाणी यायचं तेही त्याच सुमाराला, आणि पाणी आलं की बायकांची भांडणं. अहिंसेच्या पुजाऱ्याच्या पुण्यतिथीला पाहुण्यांना हंड्यांची मारामारी दाखवणं साहेबांना बरं वाटेना.

“साहेब, कॅम्प चार टेलला आहे,” मी म्हणालो. टेल म्हणजे लाइनचं शेवटचं टोक. “मधे व्हॉल्व्ह बंद केला की पाइपात हवा शिरते. मग उघडला तरी टेलपर्यंत दाब पोचत नाही. त्यांचं दिवसाचं पाणी जाईल. त्यापेक्षा वेळ बदलू.”

“वेळ बदलायला वरची मंजुरी लागते. बंद करायला मी सांगतोय तेवढं पुरे.”

संध्याकाळी मी कॅम्प चारमधूनच सायकलने घरी गेलो. कोणालाही काही बोललो नाही. बोललो असतो तर आरडाओरडा झाला असता.

सकाळी बदलापूर गावचा आमचा व्हॉल्व्हमन खंडू चावी हातात धरून नुसताच उभा राहिला. “तुमीच फिरवा, सायब. माझ्याच्यानं व्हनार नाय.”

मी व्हॉल्व्ह बंद केला आणि मांडवात गेलो.

भोंगा झाला. नळावरच्या बायका रिकाम्या हंड्यांशी निश्चल उभ्या होत्या. पाहुणे गहिवरले. एवढी शिस्त आपण कुठे पाहिली नाही, असं त्यांनी भाषणात सांगितलं. बायका कान देऊन पाण्याची चाहूल घेत होत्या, हे त्यांना कोण सांगणार?

पाहुण्यांच्या मोटारी गेल्या. खंडूने व्हॉल्व्ह केव्हाच उघडला होता, पण नळातून फक्त फुसफुस येत होती. रांगेतली एक सिंधी म्हातारी माझ्याकडे आली.

“साईं, पानी? रात को बहू को बच्चा हुआ है. घर में बूंद नहीं.”

“अम्मा, आज नहीं आएगा. दो मिनट के लिए बंद किया था.”

“बापू के लिए?”

मी मान हलवली.

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. “तो कल शाम बोलना था ना,” ती म्हणाली. “हम भरके रखते. बापू के लिए तो नल हम खुद बंद करते.”

मांडवात पाहुण्यांसाठी वाळा घातलेलं पाण्याचं पिंप होतं, जवळजवळ भरलेलं. मी आणि खंडूने ते उचलून तिच्या बराकीत नेलं. साहेबांनी पाहिलं आणि तोंड फिरवलं. पिंप एक, रांग मोठी. बाकीच्या बायका रिकाम्या हंड्यांनी परत गेल्या.

समारंभाच्या अहवालात ‘नागरिकांनी उत्स्फूर्तपणे शांतता पाळली’ असं छापून आलं. व्यवस्थेबद्दल माझे आभारही मानले होते.

पाणी बंद करायला निदान साहेबांचा तोंडी हुकूम तरी लागला होता. आदल्या संध्याकाळी सायकलवरून उतरून चार शब्द सांगायला तोही लागत नव्हता.