टबातली वाळू

शारजाच्या औद्योगिक भागात, गॅरेजांच्या मागच्या एका खोलीत मी कामगारांच्या मुलांसाठी बालवाडी चालवायचे. नव्वदचं दशक होतं आणि पुण्याहून बालशिक्षणाचा डिप्लोमा घेऊन आलेली मी स्वतःला फार शहाणी समजायचे. मुलांना खेळायला वाळू हवी, असं पुस्तकात होतं. म्हणून वाळवंटातल्या पोरांसाठी मी चक्क दुकानातून वाळू आणून टबात भरली!

ते बघून एका मेकॅनिकची बायको भडकली. तिची चार वर्षांची मुलगी घराबाहेर तोंडच उघडत नसे.

"बाई, ही वाळू मी रोज घरातून झाडून काढते," ती म्हणाली. "पोरगी बोलायला लागावी म्हणून पाठवली, तर तुम्ही माती चिवडायला बसवलीत? खलास! उद्यापासून येणार नाही ती."

"खेळातूनच भाषा येते," मी पुस्तकी सुरात म्हणाले.

"तुम्हाला आलीय ना? मग गप्प बसा."

मुलगी तेव्हा खुर्चीखाली उताणी पडून चमचा पान्यासारखा धरून खुर्चीच्या पायाचा स्क्रू पिळत होती. आईने तिला तंगडी धरून ओढलं.

"सोड!" पोरगी ओरडली. "गाडी खोललीय!"

माझ्यासमोर ती पहिल्यांदाच बोलली होती. मी विजयी हसले. आईने असं काही बघितलं, की ते हसू मी गिळलं. मग ती खाली वाकली आणि तिने दरडावून विचारलं, "कधी मिळेल गाडी?"

"उद्या या," खुर्चीखालून थेट बापाच्या थाटात उत्तर आलं. "इन्शाल्ला."

दुसऱ्या दिवशी ती मुलीला घेऊन आली. माझ्याशी मात्र एक शब्द बोलली नाही.