किटलीतली जिवाणी

कुरुंदवाडचे अण्णासो मगदूम कुणाच्या दारात गेले की घरच्या बाईची पंचाईत व्हायची. या माणसाला साधं पाणी विचारायची सोय नव्हती. परसातल्या विहिरीचं, तेही स्वतःच्या हातानं गाळलेलं, याखेरीज त्यांच्या घशाखाली थेंब उतरत नसे. पाणी गाळून झालं की फडक्यावर राहिलेले बारीक जीव ते अलगद एका किटलीत उतरवून घेत आणि त्याच विहिरीत परत सोडत. जैनांच्या घरी याला जिवाणी म्हणतात. ज्या पाण्यातनं काढलं त्याच पाण्यात सोडायचं, हा नेम. सत्तरी उलटली तरी अण्णासोंनी तो कधी मोडला नव्हता.

मोडायची वेळ आली ती लेकीपायी. आदिती देवगडच्या खाडीकाठी तिवरांची, म्हणजे खारफुटीची, रोपं वाढवायच्या कामात रमली होती. इकडे जयसिंगपूरच्या एका कॉलेजात नोकरीची जागा निघाली. अण्णासोंनी शब्द टाकला आणि पोरीला घेऊनच यायचं म्हणून निघाले. दारात रिक्षावाला हॉर्न बडवत होता. त्या गडबडीत पद्मावतीबाईंनी पिण्याच्या पाण्याची समजून दुसरीच किटली नवऱ्याच्या पिशवीत घातली. गगनबावड्याचा घाट उतरताना झाकण उघडलं, तर आत जिवाणी! तहान लागलेली, आणि बायकोवर राग काढावा तर फोनला रेंज नाही.

देवगडला पोचल्यावर ते लेकीशी धड बोललेही नाहीत. जीव किटलीतच मरण्यापेक्षा वाहत्या पाण्यात बरे, म्हणून तडक खाडीवर गेले आणि किटली कलती केली. आदिती गुडघाभर चिखलातनं धावत आली.

"आण्णा, थांबा की! भरती लागलीया. मरतील सगळी."

"नदीच हाय न्हवं ही?"

"नदी हाय, पण निम्मी समुद्राची."

तिनं त्यांना बांधावर बसवून गाळलेलं पाणी दिलं, परक्या विहिरीचं असूनही लेकीच्या हातचं म्हणून त्यांनी ते घेतलं, आणि मग तिनं सांगितलं. हजारो वर्षांपूर्वी समुद्र चढला आणि नदीच्या दरीतच शिरला. अजूनही तो रोज दोनदा आत येतो आणि मागं सरतो. नदीचं गोडं पाणी हलकं, ते वरनं वाहतं. समुद्राचं जड, ते तळानं घुसतं. या ओढाताणीत नदीचा गाळ इथंच बसतो आणि त्या गाळात तिवरं रुजतात. कृष्णा-पंचगंगेच्या संगमाशेजारी अण्णासोंचा जन्म गेला, पण दोन पाण्यांचा असा भांडत भांडत चाललेला संसार त्यांनी पाहिला नव्हता.

सकाळी ओहोटीला चिखल उघडा पडला, तेव्हा तर ते बघतच राहिले. बोटभर खेकडे बिळातनं डोकावत होते. निवटा नावाचा मासा, मासा असून, चिखलावर टुणटुण उड्या मारत होता. तिवरांच्या मुळांत माशांची पिल्लं लपली होती. ती इथं मोठी होऊन मग समुद्रात जातात, असं आदिती म्हणाली. इतके जीव बघून अण्णासोंना पाय कुठं ठेवावा ते कळेना. आदिती एकेकाचं नाव सांगत होती आणि तिचा चेहरा नुसता फुलला होता.

एस.टी. स्टँडवर मात्र ती खाडीच्या दिशेलाच बघत होती. बॅग भरून आली होती. बापाचा शब्द खाली पडू द्यायचा नाही, एवढंच तिनं ठरवलेलं दिसत होतं.

"आदिती, त्या खाडीतला जीव आपल्या हिरीत सोडला तर?"

"जगंल थोडे दिवस. पण त्याला दोन्ही पाणी लागतं, आण्णा."

घरी पद्मावतीबाईंनी पोरीची खोली झाडून ठेवली असणार, हे अण्णासोंना ठाऊक होतं.

कोल्हापूरची गाडी लागली. किटली छातीशी धरून ते चढले. आदिती मागनं चढायला लागली, तसा त्यांनी दारात हात आडवा धरला.

"का ओ, आण्णा?"

"ह्यास्नी हिरीत सोडाय निघालोय मी," त्यांनी किटली दाखवली. डोळे भरून आले होते, ते त्यांनी पुसले नाहीत. "तू उतर. तुझं पाणी हितं हाय."