कन्हानला सोडलेले देव

आमच्या आत्याच्या आयुष्यात अभिमानाची गोष्ट एकच. छप्पन साली नागपूरला दीक्षा घेऊन आजोबा खाप्याला परतले, घरातले पाचही पितळी देव फडक्यात बांधले आणि कन्हान नदीत एकेक करून सोडून आले. तेव्हा ती सात-आठ वर्षांची होती, दारात उभी राहून त्यांना जाताना बघत होती. दर दसऱ्याला विहारात मुलांपुढे ती हे सांगते. सांगताना म्हातारी अशी ताठ उभी राहते की कंबरदुखी कुणाची म्हणावं.

गेल्या उन्हाळ्यात मी तिला शहरातल्या एका संग्रहालयात नेलं. एका धनिकानं गावोगाव हिंडून जमवलेल्या मूर्ती, दिवे, अडकित्ते त्याच्याच बंगल्यात मांडले आहेत. आत गारवा छान असतो, मला तेवढंच हवं होतं.

एका कपाटापुढे आत्या थांबली ती हलेचना. काचेआड पाच छोटे देव ओळीनं मांडले होते. त्यातल्या देवीचा एक हात कोपरातून वाकलेला.

"हे माही बाहुली होय," आत्या म्हणाली. "हात म्याच वाकवला होता. मायनं लय मारलं होतं मले."

"आत्या, कोनाच्या जाळ्यात आले असन," मी म्हटलं. "लोकं काढते नं नदीतून."

"एखादा आला असता वं. पाचही कसे येतीन?"

मग तिनं पहारेकऱ्याला विचारलं, "इथं यायची पूजा करते का गा कोनी?"

"नाही आजी. हात लावनंही मना आहे."

"बरं," ती म्हणाली. तिचे स्वतःचे हात पदराखाली घट्ट धरलेले होते.

मला आजोबांचा संताप आला. नदीत सोडवत नव्हते तर घरात ठेवायचे, गुपचूप कुणाला तरी देऊन लेकराला खोटं कशाला सांगायचं? ऑटोत मी हे बोलूनही गेले.

"सात पिढ्यायचे देव होते," आत्या म्हणाली. "बुडवाचं भेव वाटलं असन माह्या बाबाले." मला उगाच बोलले असं झालं.

दसऱ्याला विहारात तिला बोलायला उभं केलं. ही आता काय सांगणार? तिनं दीक्षेच्या गर्दीचं सांगितलं, आजोबांच्या पांढऱ्या सदऱ्याचं सांगितलं, देव फडक्यात बांधल्याचं सांगितलं आणि थांबली. पुढे बसलेल्या एका मुलीला गोष्ट पाठ होती.

"मंग एकेक करून नदीत सोडले नं, आजी?"

आत्यानं माझ्याकडे पाहिलं.

"त्या दिवशी कन्हानले पानी लय होतं," ती म्हणाली आणि खाली बसली.