मावशींचं इंग्रजी

डॉक्टरांची फेरी पुढच्या खाटेकडे सरकली की मावशी हातातलं काम टाकून त्यांच्यातल्या सगळ्यांत नव्या डॉक्टरला गाठायच्या. "तुमी आता जे बोलले, त्याचा अर्थ काय जी?" वर्ध्याच्या दवाखान्यात माझे बाबा दाखल होते, त्या वॉर्डात त्या आया होत्या. शाळा सातवीपर्यंत. दवाखान्यातलं इंग्रजी त्यांनी असं विचारून विचारून गोळा केलं होतं.

नातेवाईक भलताच अर्थ धरून बसले की त्यांना राहवत नसे. रिपोर्ट निगेटिव्ह आला म्हणून आर्वीकडची एक बाई रडत होती. मावशी तिच्याजवळ जाऊन बसल्या. "काऊन रडून राह्यली माय? निगेटिव्ह म्हणजे जे शोधत होते ते भेटलं नाई. चांगलं झालं." बायोप्सी म्हटल्यावर हातपाय गाळलेल्या एका म्हाताऱ्याला म्हणाल्या, "तो रोग नाई, बाबाजी. तुकडा तपासाले पाठवतेत. काय निघते ते मंग समजते."

मला गंमत वाटायची. मी इंग्रजीत एम.ए., कॉलेजात शिकवते.

बाबांना दाखल करून चौथा दिवस होता. डॉक्टर म्हणाले, "स्टेबल आहेत." मी लगेच पुण्याला धाकट्या भावाला फोन लावला. "बाबा बरे आहेत रे. धावपळ करू नकोस, रविवारी ये."

मावशी शेजारच्या खाटेची चादर बदलत होत्या. "मॅडम, भावाले बरे हायेत म्हणून काऊन सांगितलं?"

"डॉक्टरच म्हणाले ना, स्टेबल."

"स्टेबल म्हणजे बरे नाई. काल होते तसेच आज हायेत, इतकंच. अन् काल कसे होते, ते त्याले माहीत हाय का?"

मला राग आला. पहिल्या दिवसापासून मी भावाला सगळं सौम्य करूनच सांगत होते. व्हरांड्यात गेले. मग पुन्हा फोन केला. किडन्या काम करत नाहीत, बाबा फार कमी बोलतात, तू आजच नीघ.

तो दुसऱ्या दिवशी सकाळी पोचला. त्याच्या लग्नावरून बाबांत आणि त्याच्यात तीन वर्षं अबोला होता. बाबांनी त्याला ओळखलं, जेवलास का विचारलं, आणि सून कुठे आहे म्हणाले. त्याने तिला बोलावून घेतलं. दोघं आळीपाळीने बाबांना चमच्याने पाणी पाजत राहिले. शनिवारी दुपारी बाबा गेले. मावशींनी मला काय विचारलं होतं, ते मी भावाला नंतर सांगितलं.

मावशी आता निवृत्त होऊन हिंगणघाटला लेकीकडे असतात. भाऊ दर दिवाळीला त्यांना फोन करतो, मला करायच्या आधी.