सहाशे चाळीस खेळाडू

वजनमापे खात्यात निरीक्षक म्हणून एकतीस वर्षं काढलेल्या त्या माणसाला सगळं शहर काटेसाहेब म्हणायचं. त्यांचं खरं आडनाव वेगळंच होतं, पण दुकानदारांनी तराजूच्या काट्यावरून ठेवलेलं नाव चिकटलं ते चिकटलंच. दूधवाल्याने नमस्कार केला तर हा आज इतका का वाकला, असा विचार त्यांच्या डोक्यात यायचा. बायको शेजारणींना सांगायची, "यांना उद्या देव भेटला तरी आधी ओळखपत्र मागतील."

रग्बीही त्यांच्या घरात आली ती संशयाचं बोट धरूनच. निवृत्तीच्या वर्षी गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि पाय उशीवर ठेवून टीव्हीसमोर पडून राहायची शिक्षा मिळाली. तेव्हा विश्वचषक चालू होता. विश्वचषकात तोवर जेमतेम एक सामना जिंकलेल्या जपानने दोनदा जगज्जेत्या ठरलेल्या दक्षिण आफ्रिकेला चौतीस-बत्तीस हरवलं. शेवटच्या क्षणी किक मारून बरोबरी साधता आली असती, पण जपानी ती न घेता स्क्रमला, म्हणजे डोकी-खांदे अडकवून रेटायच्या झुंजीला, भिडले आणि कोपऱ्यात रेषेपार चेंडू टेकवून ट्राय करून आले. काटेसाहेबांना खेळाचं ओ की ठो कळत नव्हतं, तरी त्यांनी निकाल देऊन टाकला, की हे आधी ठरलेलं होतं, यात नक्की पाणी मुरतंय. पुन्हा दाखवलेला सामना बघायला ते कागद-पेन घेऊन बसले. कोणता दंड कोणाला, कोणी चेंडू सोडला, पंच कोणाकडे झुकतो, सगळं टिपलं. दुसऱ्यांदा पाहिला, तिसऱ्यांदाही पाहिला. तिसऱ्या खेपेला पेन बाजूला ठेवून ते बायकोला म्हणाले, "काही सापडत नाही गं."

एकतीस वर्षांत हे वाक्य त्यांनी फार थोड्या दुकानांबद्दल उच्चारलं होतं.

तेव्हापासून त्यांना रग्बीचं वेडच लागलं. या खेळात पंच बोलतो ते माइकवरून साऱ्यांना ऐकू येतं आणि दंड का दिला तेही त्याला सांगावं लागतं, याचं त्यांना भारी अप्रूप. पोर्तुगालने फिजीला एका गुणाने हरवलं, चिली पहिल्यांदा विश्वचषकात आली, विसाचे चोवीस संघ करायचं ठरलं, अशी एकेक नोंद वहीत चढत गेली. मात्र खेळ जगभर पसरतोय, अमुक लाख नवे खेळाडू आले, अशी बातमी वाचली की त्यांच्या कपाळावर आठी पडायची. मोजले कोणी, हा त्यांचा साधा सवाल असायचा.

त्या सवालाचं उत्तर एका रविवारी त्यांच्याच घरी चहाला आलं. त्यांचा जावई पोस्टात नोकरीला होता आणि हौसेने जिल्हा रग्बी संघटनेचं सचिवपद सांभाळायचा. त्याने राष्ट्रीय संघटनेचं गुळगुळीत पुस्तक मोठ्या अभिमानाने सासऱ्यांपुढे ठेवलं. त्यात नकाशा होता, आणि जिथे खेळाडू जास्त तिथला हिरवा रंग गडद. आपला जिल्हा चांगलाच हिरवागार. नऊ मैदानं, सहाशे चाळीस खेळाडू.

काटेसाहेबांनी चष्मा पुसला. "जावईबापू, नऊ मैदानं कुठली हो? यादी द्याल?"

जावयाने हसत हसत दिली. सासऱ्यांनी आवड घेतली म्हणून त्याला बरंच वाटलं. बायको मात्र स्वयंपाकघराच्या दारातून नवऱ्याकडे बघत राहिली. तो स्वर तिच्या ओळखीचा होता. जावई हा दहावा ग्रह म्हणतात, पण आता त्या ग्रहालाच साडेसाती लागणार हे तिने ओळखलं.

न कळवता जायचं आणि एकाच जागी वेगवेगळ्या वेळी दोनदा जायचं, ही काटेसाहेबांची जुनी रीत. तीन आठवडे ते बसने हिंडले. एका मैदानात छातीएवढं गवत माजलं होतं. दुसऱ्यावर गोलाचे खांब होते खरे, पण त्यांना दोरी बांधून कुणीतरी चादरी वाळत घातल्या होत्या. दोन शाळांत खेळाच्या शिक्षकांनी भाबडेपणाने सांगितलं की गेल्या वर्षी एक दिवसाचं शिबिर झालं होतं. मुलांनी रांगेत उभं राहून चेंडू एकेकदा हातात घेतला आणि नावं लिहून दिली. एका शाळेत दोनशे बारा, दुसरीत एकशे नव्वद. निव्वळ खोगीरभरती. खरे खेळणारे, घामाने निथळलेले, त्यांनी डोकी मोजून टिपले ते एकशे सतरा.

त्याच फेऱ्यांत एका बसथांब्यावर त्यांना एक बाई दिसली. चाळिशीची, कारखान्याचा निळा डगला, दोन बोटं पट्टीने एकत्र बांधलेली आणि डावा कान सुजून चुरगळल्यासारखा झालेला. काटेसाहेबांच्या मनात पहिला संशय आला तो तिच्या नवऱ्याचा. बराच वेळ घुटमळून त्यांनी हळूच विचारलं, घरी काही त्रास आहे का.

बाई हसली. "घरी नाही हो काका. स्क्रममध्ये घासून घासून झालाय तो."

ती बाटल्यांच्या कारखान्यात पॅकिंग विभागाची मुकादम होती. काटेसाहेबांनी यादी काढून पाहिली. त्यात कारखान्याचं मैदान नव्हतं. त्यांचा तिच्यावरही विश्वास बसला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळची पाळी सुटायच्या वेळी ते कारखान्याच्या मागे जाऊन उभे राहिले. फुटक्या काचा वेचून साफ केलेल्या पट्ट्यावर सव्वीस बायका दोन तुकड्या करून एकमेकींना भिडत होत्या. गोलाचे खांब म्हणजे पॅकिंगच्या जुन्या लाकडी पट्ट्या आडव्या जोडून उभे केलेले चार बांबू. दोन दिवसांनी ते पुन्हा गेले, तेव्हाही सव्वीसच.

मुकादमबाईंनी सांगितलं की संघटनेकडे नोंदणीचा अर्ज त्यांनी दोनदा केला होता. पोचपावती होती. तिच्यावरची सही काटेसाहेबांनी लगेच ओळखली. लेकीच्या लग्नाच्या नोंदणीत हीच सही त्यांनी पाहिली होती.

आपलेच दात आणि आपलेच ओठ. दोन दिवस ते मुकादमबाईंकडून मागून आणलेली पावती पुन्हापुन्हा काढून पाहत राहिले. मग जावयाला एकट्याला बोलावून घेतलं आणि पावती समोर ठेवली.

जावई आधी म्हणाला की अर्जावर कारखान्याचा शिक्का नव्हता. मग म्हणाला, नियमांत 'सहभागी' असा वेगळा रकाना आहे, शिबिराची मुलं चुकून 'खेळाडू'त गेली. काटेसाहेब नुसते बघत राहिले. या नजरेपुढे भले भले दुकानदार आपणहून खोटी वजनं काढून द्यायचे.

"बाबा, आकडा मोठा असला तरच वरून प्रशिक्षक येतो, चेंडू येतात," शेवटी तो खाली मान घालून म्हणाला. "आधी आकडा, मागून खेळाडू. सगळे जिल्हे असंच करतात. आणि या बायका मोठ्या, त्यांना विमा लागतो. विमा म्हटला की वरून कोणीतरी मैदान बघायला येणार. एक बघितलं की बाकीचीही बघणार."

"म्हणजे जे खेळतात ते यादीबाहेर, आणि यादीत आहेत ते खेळतच नाहीत."

जावयाने पावती उलटी करून ठेवली.

"आठ दिवस देतो," काटेसाहेब म्हणाले. "दुरुस्त यादी तुम्हीच पाठवा. एकशे सतरा अधिक सव्वीस. नाहीतर मी पाठवीन."

दुसऱ्या दिवशी लेकीचा फोन आला. ती रडली नाही की भांडली नाही. एवढंच म्हणाली, "बाबा, तुम्ही माझ्या घरात धाड घातलीत." आपण चुकलो का, हा संशय त्यांना आयुष्यात पहिल्यांदा स्वतःबद्दल आला आणि तो काही केल्या जाईना. बायकोला विचारलं तर ती म्हणाली, माप बरोबर होतं, पण ज्याला मोजलं त्याला दुखलंच असणार.

सातव्या दिवशी जावयाने यादी पाठवली. काटेसाहेबांनी शिक्क्याची प्रत मागितली, तीही त्याने मुकाट्याने दिली. एकशे त्रेचाळीस. नकाशावरचा जिल्हा फिकट झाला, त्या वर्षीचा प्रशिक्षक दुसरीकडे गेला आणि संघटनेच्या बैठकीत जावयाला पुष्कळ ऐकून घ्यावं लागलं. चार महिने रविवारचा चहा बंद राहिला. पाचव्या महिन्यात लेक आली, मग तोही आला. पण सासऱ्यांपुढे कागद ठेवायचा म्हटलं की त्याचा हात अजून आखडतो, आणि काटेसाहेबही तो कागद उलटून मागची बाजू बघितल्याशिवाय राहत नाहीत.

बाटली कारखान्याच्या संघाची मात्र नोंद झाली. त्यांचा पहिला अधिकृत सामना शेजारच्या शहरातल्या संघाशी झाला. एकतीस-पाच अशा सपाटून हरल्या. एकमेव ट्राय मुकादमबाईंनीच टेकवला. सामन्याआधी संघटनेचा हजेरीपट भरायचं काम, कुणावरच विश्वास नसलेला माणूस म्हणून, काटेसाहेबांकडे आलं होतं. त्यांनी डोकी मोजली आणि एकवीस लिहिले.

सामना संपल्यावर मुकादमबाईंनी पट पाहिला आणि त्यांचा चेहरा उतरला. "काका, सव्वीस आहोत आम्ही. पाच जणी पाळीवर आहेत, रजा मिळाली नाही."

"असतील. पण मला दिसल्या नाहीत."

"म्हणजे तुमचा आमच्यावरही विश्वास नाही?"

काटेसाहेबांनी पटाची घडी करून खिशात घातली आणि पाळी किती वाजता सुटते ते विचारलं. मग गुडघा सांभाळत बस पकडून ते कारखान्याच्या फाटकावर गेले. पहारेकऱ्याने काम विचारलं तेव्हा म्हणाले, पाच जणींना बघायचंय. पहारेकऱ्याने त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि बाजूच्या बाकावर नजरेसमोर बसवून ठेवलं. साहेबांना त्याचा राग आला नाही. भोंगा झाला, निळ्या डगल्यांची रांग बाहेर पडू लागली, तसे ते पेनाचं टोपण काढून उभे राहिले.