दाताने तोडलेला दोरा

शिंप्याने जन्मभर दोरा दातानेच तोडला. बायको रोज कावायची, "कात्री काय शोभेला ठेवलीय?" हा ढिम्म. मग ती गेली, आणि दुकानात मशीनचा तेवढा आवाज उरला.

पुढचा दात पडला तेव्हा त्याने जबड्यात स्क्रू बसवून नवा दात करून घेतला. दातांच्या डॉक्टरीणबाईंनी बजावलं, "याने दोरा तोडायचा नाही." त्याने मान डोलावली आणि दुकानात येऊन पहिल्याच बटणाचा दोरा त्याच दाताने तोडला. खोड ती खोडच. हळूहळू दात हलायला लागला.

आज बाईंनी तो स्क्रू काढून टाकला, खड्ड्यावर कापसाचा बोळा ठेवला आणि मग भडकल्याच. "लहान आहात का? किती वेळा सांगायचं? घरी कुणी बोलत नाही तुम्हाला?"

तोंडात बोळा होता. त्याने नुसतीच मान हलवली. नाही.

बाई वरमल्या. हातमोजे काढत म्हणाल्या, "जाऊ दे. काळजी घ्या."

तो खुर्चीतून उठेना. बोळा गालात सरकवून कसंबसं म्हणाला, "थांबलात का? बोला की अजून."